पांढऱ्या होडीची चांगूबाय

चांगूबाय कुठल्याही वस्तूवर आधी बोटाचं पेर वाजवायची आणि मगच तिच्याबद्दल मत द्यायची. नारळ, कलिंगड, माठ हे आपण सगळेच वाजवून घेतो. ती पिंपं वाजवायची, दारं वाजवायची, खुर्च्या वाजवायची. आमच्या प्रयोगशाळेत नवंकोरं सागवानी टेबल आलं, तेव्हा ती काही निरोप घेऊन आली होती. जाता जाता तिने टेबलाचे चारही पाय वाजवले आणि डावीकडचा मागचा पाय आतून पोकळ आहे असं सांगून गेली. आम्ही हसलो. पुढच्या उन्हाळ्यात त्या पायातून वाळवीचा भुसा गळायला लागला.

कोलशेतच्या खाडीकाठी एक रसायनांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, तिथे मी केमिस्ट म्हणून लागलो होतो. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. राहायला ठाण्यात, नौपाड्यात. सकाळी सायकल काढायची, माजिवडा मागे टाकलं की दोन्ही बाजूंना भातशेती आणि मग खाडीतल्या तिवरांच्या झुडपांचा वास. कारखान्याला स्वतःची जेटी होती. मालाच्या पडावांतून चुनखडी यायची आणि ती उतरवायला गावातल्या कोळणींची टोळी असायची. चांगूबाय त्या टोळीची मुकादम. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पंचेचाळिशीच्या आसपासची. हिरवं लुगडं घट्ट कासोटा घालून नेसलेलं, आणि आंबाड्यात रोज ताजी अबोली. सगळ्यांना ती एकेरीत बोलवायची. मी डोळ्यांना चष्मा लावायचो आणि खिशात वही ठेवायचो, एवढ्या पुराव्यावर तिने पहिल्याच दिवशी मला 'मास्तर' करून टाकलं.

तिचे वडील होड्या बांधायचे आणि दुरुस्त करायचे. त्यांना मुलगा नव्हता. ही थोरली मुलगी त्यांच्याबरोबर फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत, वर राळ-तेल चोपडत मोठी झाली. लग्न होऊन सासरी आल्यावर मात्र होडीला हात लावायची सोय राहिली नाही. ते पुरुषांचं काम. वडील गेले तेव्हा त्यांची हत्यारं चुलतभाऊ घेऊन गेला. हे तिने मला फार पुढे, हातातलं काम न थांबवता सांगितलं. "मना कोनी इचारला पन नाय," एवढंच म्हणाली. तिचा नवरा गोमा हा अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. त्याची मासेमारीची होडी गावात सगळ्यांत जुनी, पण तिला कधी थेंबभर पाणी लागत नसे. का लागत नसे हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक होतं आणि कोणीही ते तोंडाने बोलत नव्हतं.

तर या गावात एक दिवस पांढरी होडी आली.

आमचे मोठे साहेब इंग्रज. त्यांनी हौसेने विलायतेहून ती मागवली होती. लाकडाचं एक फळकूट तिच्यात नव्हतं. काचेच्या धाग्यांचं कापड, त्याच्यावर राळेसारखं एक रसायन चढवायचं, ते घट्ट झालं की दगडासारखं कडक. तसे थरावर थर देऊन केलेली. फायबरग्लास हा शब्द मीसुद्धा तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जेटीवर ती उतरवली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. चांगूबायने पाटी खाली ठेवली, होडीभोवती एक फेरी मारली, ठिकठिकाणी वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "होरी चांगली हाय. पन हिला बी पावसात वर घे."

साहेबांना मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी होडीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक दाखवलं. हे सामान कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, बाराही महिने पाण्यात ठेवा, असं त्यात छापलेलं होतं. मी तिला ते मराठीत सांगितलं. तिने विचारलं, पुस्तक लिहिणाऱ्याने आपली खाडी पाहिली आहे का. याचं भाषांतर मी केलं नाही.

साहेबांची हौस दोन रविवारांत फिटली. वल्ही मारून त्यांची पाठ धरली. मग ती होडी एका फार चांगल्या कामाला लागली. ठाण्याच्या डॉक्टर इंदूताई दर गुरुवारी खाडीपलीकडच्या गावांत दवाखाना चालवायला तयार झाल्या. कारखान्याने औषधं आणि होडी द्यायची, वल्हवायला गोमा. पलीकडे तेव्हा साधी मलमपट्टी करणारंही कोणी नव्हतं. चांगूबायची मुलगी तिथेच दिली होती, त्यामुळे गुरुवारी ती जेटीवर जरा जास्तच रुबाबात वावरायची.

दोन वर्षं होडी पाण्यात राहिली. गावातल्या होड्या पावसाळ्याआधी वर काढून शाकारून ठेवत, ही मात्र आपली दोरीला बांधलेली. एका ओहोटीला ती चिखलात कलंडली होती. चांगूबाय तिथूनच हाका मारत प्रयोगशाळेत आली आणि मला हाताला धरून घेऊन गेली. होडीच्या तळावर, पाण्याखाली राहणाऱ्या भागात, फोड आले होते. काही हरभऱ्याएवढे, काही रुपयाएवढे. शिवाय दगडी उतारावरून वर-खाली ओढून मधला कणा इतका झिजला होता, की आतल्या कापडाचे धागे दिसत होते. तिने कमरेची मासे कापायची सुरी काढली आणि एका फोडाला टोचलं. आतून पिचकारी उडाली. ते पाणी बोटावर घेऊन तिने आधी स्वतः हुंगलं, मग बोट माझ्या नाकाशी धरलं. आंबट वास होता, शिळ्या ताकासारखा.

"पानी आत शिरला आनि आत नासला," ती म्हणाली. "हिला आता सुकवाय लागंल."

मी पदवीधर केमिस्ट. पुस्तकं काढली, दोन ओळींत उत्तर सापडलं: खराब भाग खरवडा, कोरडं करा, नवं कापड आणि रसायन लावा. रसायनाचे डबे होडीबरोबर आलेले होतेच. गुरुवार चार दिवसांवर होता. चांगूबाय म्हणत होती घाई करू नको, आणि मी म्हणत होतो की वरून तर कोरडी दिसते आहे. मी फोड खरवडले, फडक्याने पुसले आणि ठिगळं लावली. ठिगळं दिसायला इतकी गुळगुळीत झाली की मी साहेबांना मुद्दाम बोलावून दाखवली.

त्या गुरुवारी काही झालं नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी, भर खाडीत, कण्यावरचं मोठं ठिगळ सुटलं. मी जेटीवर उभा राहून पाहत होतो. आधी गोमाने वल्ही थांबवली, मग दुप्पट वेगाने मारायला सुरुवात केली. इंदूताई उभ्या राहिल्या, औषधांची पेटी एका हाताने डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने औषधाच्या ट्रेने पाणी उपसू लागल्या. होडी पलीकडच्या चिखलात जाऊन रुतली म्हणून निभावलं. बाईंनी गुडघाभर चिखल तुडवत गाव गाठलं, तशाच अवतारात सगळे रोगी तपासले आणि संध्याकाळी मासळीच्या होडीतून परत आल्या. मी माफी मागायला पुढे झालो. त्यांनी चष्म्यावरचा चिखल पुसत अगदी मनापासून विचारलं, "तुमचं ते रसायन पाण्यात विरघळतं का हो?"

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला. होडी तोडून खड्ड्यात टाकायची आणि गुरुवारचा दवाखाना बंद. माणसं बुडाली तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चूक होता असं मला आजही म्हणता येत नाही. मी प्रयोगशाळेत डोकं धरून बसलो होतो. चांगूबाय आली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती स्टुलावर बसली, बसण्याआधी स्टूल वाजवायला विसरली नाही, आणि म्हणाली, "तुजा हात वाईट नाय, मास्तर. घाईचा हाय. चल सायबाकं."

साहेबांच्या खोलीत ती उभी राहूनच बोलली आणि मी दुभाष्या. तिचं म्हणणं एवढंच, की होडी मेलेली नाही, आजारी आहे. तिला उन्हाळाभर माझ्या ताब्यात दे. साहेबांनी विचारलं, तुला या सामानाची काय माहिती? ती म्हणाली, "मना सामानाची नाय म्हायती. मना पान्याची म्हायती हाय." हे मी शब्दशः सांगितलं. साहेबांनी समोरची फाइल ओढून तिच्यात काही खरडलं. मग पावसाळ्याआधी होडी दाखवा, नाहीतर खड्डा ठरलेलाच, असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली. इंदूताईंनी त्याच दिवशी कळवलं, की तोवर मी गोमाच्या मासळीच्या होडीतून माझ्या जबाबदारीवर जाईन. तो वास त्यांनी दोन-अडीच महिने निमूट सोसला.

कारखान्याच्या मागे एक उघडी शेड होती. तिथे होडी पालथी घातली. चांगूबायने एकेक फोड उघडला, अगदी मुगाएवढासुद्धा सोडला नाही. पेराने वाजवत जायची. जिथे आवाज बद्द यायचा तिथे खडूने गोल करायची. मला सगळीकडे सारखाच आवाज ऐकू यायचा. मग तिने विहिरीचं गोडं पाणी मागवलं. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तिच्या टोळीतल्या बायका हंडे आणून ओतायच्या आणि ती प्रत्येक खड्डा कुंच्याने धुवायची. धुतलेल्या जागेला बोट लावून ते जिभेला लावायची. "खारट हाय," असं म्हणून उद्याचे हंडे सांगायची. बारा-तेरा दिवस हे चाललं. मीठ आत राहिलं तर ते पुन्हा पाणी ओढून घेईल, हे रसायनशास्त्र मला येत होतं. फक्त सुचलं नव्हतं. एका सकाळी तिने जीभ लावली, थोडा विचार केला आणि हंडे आणू नका म्हणाली.

आता सुकवणं. एप्रिलचं ऊन होतं, दोन आठवड्यांत मला होडी ठणठणीत कोरडी वाटायला लागली. पण आतलं कोरडं झालं की नाही हे मोजायचं कसं? तसं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी वहीत काहीतरी आकडेमोड करत बसलो होतो. चांगूबायने विचारलं, तुझ्या घरी पापड आहेत का?

आमच्या हिने नुकतेच उडदाचे पापड करून डबा भरला होता. मी भाजलेले दोन घेऊन गेलो. तिने पापडाचा तुकडा होडीच्या तळावर ठेवला, वर माझी काचेची वाटी पालथी घातली आणि कडेने मेण लावून बंद केली. दुसऱ्या दिवशी वाटी काढली. पापड चपातीसारखा मऊ.

"अजून पानी सोरते," ती म्हणाली. (सोरते म्हणजे सोडते, तिच्या बोलीत ड जाऊन तिथे र यायचा, म्हणूनच होडीची होरी.)

त्यानंतर रोज एक पापड. कधी कण्याजवळ, कधी कडेला. घरी डब्याची पातळी उतरू लागली तशी आमच्या हिची चौकशी सुरू झाली. कारखान्यात पापड कशाला लागतात हे तिला पटेना, आणि खरं सांगितलं तेव्हा तर मुळीच पटलं नाही. शेवटी ती स्वतः एका रविवारी कोलशेतला येऊन बघून गेली. येताना बरोबर मिरीचे पापड आणले होते. चांगूबायने मिरीचा पापड खाऊन टाकला आणि साधाच लागेल म्हणून सांगितलं. त्या दोघी शेडमध्ये तासभर बोलत बसल्या. कशाबद्दल ते मला कोणीच सांगितलं नाही.

साहेब मधेच एकदा पाहणीला आले. आपल्या विलायती होडीच्या बुडाला वाटीखाली पापड चिकटवलेला पाहून ते होडीभोवती दोनदा फिरले. मी शक्य तितक्या गंभीरपणे तत्त्व समजावलं. त्यांनी वाकून वाटीतून निरखलं आणि वही काढून लिहून घेतलं. पुढे त्यांच्या अहवालात मी ते वाचलं: आर्द्रता मोजण्याचं स्थानिक बनावटीचं साधन, समाधानकारक.

मेच्या मध्यावर एका सकाळी वाटी काढून चांगूबायने पापड उचलला आणि तो कट्‌कन मोडला. अर्धा तिने खाल्ला, अर्धा मला दिला. मग एकेका जागी पुन्हा तीन दिवस तपासून पाहिलं, आणि तेव्हा कुठे रसायनाचा डबा उघडू दिला.

पुढचं काम मात्र भराभर झालं. खड्ड्यांच्या कडा तिने काचकागदाने घासून बशीसारख्या उतरत्या केल्या. सरळ कडेला ठिगळ धरत नाही, हे ती लाकडावर शिकली होती. काचेची धूळ अंगाला लागून आमची खाजवून खाजवून पुरेवाट झाली. रसायनात दुसरं औषध मिसळलं की ते वाटीतच तापायला लागायचं आणि उन्हात तर पाचेक मिनिटांत दगड. पहिली वाटी माझ्या हातात धुमसली तेव्हा तिने ती काढून घेतली, पुढच्या वेळी निम्मंच कालवलं आणि भल्या सकाळी, गारव्यात. कापडाखाली अडकलेली हवा दाबून काढायला तिला काहीतरी गोल हवं होतं. पापडांच्या मागोमाग आमचं लाटणंही गेलं. झिजलेल्या कण्यावर तिने एकावर एक पाच थर दिले. मी तीन म्हणत होतो. तिने विचारलं, दगडावरून होडी तू ओढणार की गोमा?

गावातले पुरुष रोज शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहत. वडिलांची हत्यारं नेलेला तिचा चुलतभाऊही शेजारच्या गावाहून यायचा. तिच्या हातांकडे बघत राहायचा.

जूनच्या तोंडावर होडी पाण्यात उतरली. तिने आत तळाला कोरडी चुन्याची पूड भुरभुरली आणि एक अख्खी भरती-ओहोटी ती होडी तशीच जेटीला ठेवली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः आत वाकून चुना बोटाने उडवून पाहिला. तो पिठासारखा उडाला. परवानगी मिळाली.

पण खरी परीक्षा गुरुवारी होती. इंदूताई आल्या. बरोबर त्यांचे यजमानही आले होते. सभ्य गृहस्थ, पण त्यांनी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, की एकदा ही होडी बुडता बुडता राहिली आहे, मी हिला यात बसू देणार नाही. पलीकडे रोगी येऊन बसले असणार. गोमा वल्ही हातात घेऊन खाली बघत उभा.

चांगूबाय गर्दीतून निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या कडेवर वर्षाची नात होती. मुलगी चार दिवस माहेरी आली होती, तिची ही लेक. चांगूबाय उतारावरून खाली गेली, होडीत चढली, अगदी मागे, जिथे सगळ्यांत मोठं ठिगळ होतं त्या जागी मांडी घालून बसली आणि नातीला मांडीवर घेतलं. नातीने अबोलीला हात घातला तेवढा तिने सोडवून घेतला.

इंदूताईंनी यजमानांकडे पाहिलं. मग चपला हातात घेतल्या आणि होडीत जाऊन तिच्याशेजारी बसल्या. यजमान एक क्षण थांबले आणि औषधांची पेटी त्यांनी स्वतःच उचलून आत दिली.

होडी पलीकडे टेकेपर्यंत जेटीवर कोणी हललं नाही. टेकल्यावर पहिला ओरडला तो चुलतभाऊ. पुढच्याच आठवड्यात त्याने आपली होडी चांगूबायच्या दारात आणून टाकली आणि काहीतरी ठिबकतंय असं पुटपुटला. तिने वाजवून पाहिलं. तिसरी फळी बदलायला हवी म्हणाली, आणि तू बदलशील तर पुन्हा ठिबकेल हेही सांगितलं.

साहेबांनी तिला प्रशस्तिपत्र दिलं, सहीशिक्क्यासकट. ते घेऊन ती माझ्याकडे आली आणि वाचून दाखव म्हणाली. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. कौशल्य, चिकाटी, निष्ठा, सगळं होतं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, यात पापडाचं कुठे आहे? नाही म्हटल्यावर कागदाची घडी करत म्हणाली, "मंग दुसरा कोनी वाचून करंल कसा?" तिच्या लेखी कागद होता तो यासाठी. मी त्या रात्री घरी बसून सगळी कृती मराठीत लिहून काढली, धुण्यापासून थरांपर्यंत, आणि पापड ठळक अक्षरांत. ती तिने चार वेळा वाचून घेतली आणि दोन चुका काढल्या. त्यानंतर पाट्या उचलणं तिचं सुटलं. कारखान्याच्या होड्या आणि पडाव तिच्याकडे आले. दर पावसाळ्याआधी पांढरी होडी वर यायची, तीही पुस्तकाला न विचारता.

दशक संपता संपता मला पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला मी जेटीवर गेलो, तर ती निघायच्याच घाईत. कल्याणला कोणा हौशी माणसाने अशीच काचेची होडी घेतली होती, तिला फोड आले होते आणि त्याने साहेबांना पत्र घालून चांगूबायला बोलावलं होतं. रस्त्याने वळसा पडतो म्हणून ती खाडीनेच, भरतीबरोबर वर जाणार होती. पांढरी होडी तयार होती. आत रसायनाचे डबे, कापडाची गुंडाळी आणि तिचं बोचकं. गोमा वल्ह्यांवर.

मी जातोय म्हणून सांगितलं. पुण्याचा पत्ता लिहून दिला. काही चांगलं बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. तिने पत्ता कमरेला खोवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि म्हणाली, "भरती लागली, मास्तर. जा तू पन."

होडी मधल्या धारेला लागली. वरच्या अंगाला, कशेळी गावाकडे तोंड वळलं, तेव्हा गोमाचं काहीतरी तिला पटलं नसावं. ती त्याला काही सांगताना दिसली, हातवारे करून. त्याने मान डोलावली. तेवढ्याने भागलं नाही. तिने लुगडं आणखी वर खोचलं, उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि एक वल्हं स्वतःच्या हातात घेतलं. पहिले दोन-तीन हात वेडेवाकडे पडले, होडी थोडी फिरली. मग दोघांचे हात जुळले. तिवरांआड जाईपर्यंत दोन्ही वल्ही एकदमच पाण्यात पडत होती.